हजाराच्या वरचे तीन व्यवहार

काकांचा त्या ॲपला असलेला विरोध तत्त्वाचा आहे, असं सगळी इमारत तीन आठवडे समजत होती. काकांनीही तो समज मोठ्या मेहनतीने जपला होता.

ॲप तसं साधंच होतं. घरातली बँकखाती, विम्याचे हप्ते, मुदतठेवी, विजेचं बिल, सगळं एका जागी दाखवायचं आणि कुठे किती गेले याचं एक रंगीत चक्र काढायचं. वाणसामान हिरवं, औषधपाणी लाल, करमणूक पिवळी. लेकीने एका रविवारी येऊन ते काकांच्या फोनमध्ये घातलं. लेक पुलांच्या कामावर इंजिनिअर. महिन्याभरात ती दोन वर्षांसाठी समुद्रापलीकडे एका मोठ्या पुलावर जाणार होती. तीन वर्षांपूर्वी अशीच संधी आली होती, तेव्हा नेमका काकूंचा घोटा मोडला आणि लेकीने कोणाला न विचारता नकार कळवून टाकला. त्या विषयावर घरात पुन्हा कोणी बोललं नव्हतं, पण विसरलंही नव्हतं.

"बाबा, तुम्ही फक्त बँकेचा पासवर्ड टाकायचा आणि शेवटी 'कुटुंबाला दाखवा' हे बटण दाबायचं," लेक म्हणाली. "म्हणजे इकडे सगळं ठीक चाललंय ते मला तिकडून दिसेल."

"आणि ठीक नसलं तर?"

"तर तेही दिसेल. त्यासाठीच तर घातलंय."

हे काकांना अजिबात नको होतं. पण चेहऱ्यावर त्यांनी काही दिसू दिलं नाही. ते म्हणाले, "सुरक्षिततेचं काय?"

आता इथे काकांचं गुपित सांगून टाकायला हवं, नाहीतर पुढचं काहीच कळायचं नाही. काका निवृत्त वजनमापे निरीक्षक. दुकानदारांचे तराजू तपासण्यात तेहतीस वर्षं गेलेली. सहा महिन्यांपूर्वी त्यांना स्वयंपाकघरातल्या वजनकाट्याची सुई वाकलेली दिसली. त्यांनी काटा खोलला, सुई सरळ केली, पुन्हा बसवली. तरी वाकडीच. नवा काटा आणला, तोही वाकडा निघाला. तिसरा परत करताना त्यांनी दुकानदाराला कायद्याचं कलम तोंडपाठ ऐकवलं. मग एके दिवशी दाराची चौकटच मधोमध वाकलेली दिसली. चौकटीला कलम लावता येईना, म्हणून ते डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले. डाव्या डोळ्याच्या पडद्याला सूज होती. डॉक्टर म्हणाले, दर महिन्याला डोळ्यात एक इंजेक्शन, आणि एकही चुकवायचं नाही. चुकलं तर गेलेली नजर परत येत नाही.

काकांनी ठरवलं की हे घरात सांगायचं नाही. काकूंना सांगितलं की काकू लेकीला सांगणार, आणि लेक पुन्हा नकार कळवणार. बापाच्या एका डोळ्यापायी मुलीचा पूल जावा, हे त्यांना सहन होण्यासारखं नव्हतं. तेव्हा दर अकरा तारखेला काका "निवृत्त कर्मचारी संघटनेच्या सभेला" जात आणि काळा चष्मा लावून परत येत. डोळा लाल का, असं काकूंनी विचारलं तर सभागृहात धूळ फार, असं उत्तर असे.

"मग तुमच्या संघटनेला एक झाडू तरी देणगी द्या," असं काकू म्हणत, आणि विषय मिटे.

आता ते ॲप हा विषय लाल रंगात उकरून काढणार होतं. 'डोळ्यांचा दवाखाना, चार हजार दोनशे', दर अकरा तारखेला, तेही थेट लेकीच्या फोनवर. काकांना चोरांची भीती नव्हती. पण चोरांची भीती वाटते असं म्हटल्याशिवाय सुटका नव्हती.

काका कुठलंही काम अर्धवट करणारे नव्हेत. त्यांनी एक ताव घेतला, मधोमध रेघ मारली, डावीकडे 'सोय' लिहिलं आणि उजवीकडे 'सुरक्षितता'. रेघ त्यांना किंचित वाकडी दिसत होती, पण आता ते रेघेला दोष देत नसत. सोयीच्या बाजूला त्यांनी नाइलाजाने दोन ओळी लिहिल्या. सुरक्षिततेच्या बाजूला अठरा धोके काढले. अठरावा 'भूकंप' होता.

हा ताव त्यांनी जिन्यात वरच्या मजल्यावरच्या पोस्टमास्तरांना दाखवला. पोस्टमास्तर निवृत्त झाले तरी अजून कुठलाही कागद उलटा करून मागचा पत्ता बघत. त्यांनी तो मागूनपुढून वाचला. "अगदी खरं आहे," ते म्हणाले. "पाकीट कोणी फोडलं तर निदान फाटलेलं दिसतं. या फोनमधलं कोणी वाचलं तर कळणार कसं? तुम्ही हे सगळ्यांना सांगायला हवं."

समोरच्या विमा एजंट बाईंचं मत वेगळं पडलं. त्या गेली चार वर्षं असलंच एक ॲप वापरत होत्या आणि त्यांचं काही बिघडलं नव्हतं. "महिन्याच्या शेवटी पैसे कुठे गेले म्हणून नवऱ्याशी भांडावं लागत नाही," त्या म्हणाल्या. "कुठे गेले ते दिसतं. मग त्याच्यावरून भांडतो." पासवर्डची चिंता त्यांना अजिबात नव्हती. पासवर्ड म्हणून त्यांनी आपलं खरं जन्मसाल ठेवलं होतं, आणि ते त्यांच्या नवऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

या दोन मतांवरून जिन्यात वाद पेटला, तो तळमजल्यापर्यंत उतरला, आणि आठवड्याच्या आत इमारतीत एक सुरक्षितता समिती स्थापन झाली. अध्यक्ष कोण हे विचारायलाच नको. फलकावर नोटीस लागली. तिच्यात नियम होते. पासवर्ड सतरा अक्षरांहून लहान नसावा. तो कोणासमोर उच्चारू नये. पती-पत्नींनीही तो एकमेकांना वाचून दाखवू नये. हा शेवटचा नियम काकांनी मुद्दाम जाड अक्षरांत लिहिला होता.

काकूंनी नोटीस शांतपणे वाचली. "लेक सारखी विचारतेय," त्या म्हणाल्या. "पंचवीस तारखेला विमान आहे तिचं. तुम्ही एकदाचं हो म्हणा, नाहीतर नाही म्हणा."

"अभ्यास चालू आहे," काका म्हणाले.

नेमून दिलेल्या कामात माणूस कसा वाहवत जातो पाहा. अध्यक्षांचा स्वतःचा बँकेचा पासवर्ड सहा अक्षरी आणि काकूंच्या नावाचा आहे हे शोभलं नसतं, म्हणून काकांनी तो बदलला. नव्या पासवर्डासाठी त्यांनी कपाटातून आपली जुनी नोंदवही काढली. नोकरीत जप्त केलेल्या प्रत्येक खोट्या तराजूचा क्रमांक तिच्यात होता. त्यातल्या तीन गाजलेल्या तराजूंचे क्रमांक त्यांनी एकापुढे एक जोडले. सतरा आकडे झाले. जगातला कुठलाही चोर ते ओळखणार नाही याची काकांना खात्री होती, आणि ती खात्री अगदी रास्त होती.

मग समितीने प्रात्यक्षिकाची मागणी केली. सुरक्षितपणे खातं कसं उघडावं ते अध्यक्षांनी स्वतः करून दाखवावं, असं ठरलं. तळमजल्यावरच्या खोलीत शनिवारी सकाळी अकरा माणसं जमली. काकू दुसऱ्या रांगेत विणकाम घेऊन बसल्या. काकांनी नोंदवही छातीशी धरून उघडली आणि पहिला क्रमांक वाचायला घेतला.

तेहतीस वर्षं काकांचं अक्षर बारीक आणि रेखीव म्हणून नावाजलेलं. त्या बारीक अक्षराने आज दगा दिला. तीन आहे की आठ, ते कळेना. डावा डोळा मिटला की उजव्याला सगळं लख्ख दिसायचं, हे काकांना माहीत होतं. पण समोर बसलेल्या काकू नेमक्या विणकामातून मान वर करून बघत होत्या. काकांनी डोळा मिटला नाही. त्यांनी आठ धरलं. फोनने नकार दिला. त्यांनी तीन धरलं, तर दुसऱ्या क्रमांकातला सहा शून्यासारखा दिसला. पुन्हा नकार.

"द्या, मी वाचतो," पोस्टमास्तरांनी प्रेमाने हात पुढे केला.

"नियम दुसरा," काका म्हणाले.

"मग मोठ्याने नको, कानात सांगतो."

"कान हाही दुसऱ्याचाच," काका म्हणाले. सभेला हे वाक्य फार आवडलं. दोघांनी मान डोलावली. आणि काकांनी तिसऱ्यांदा चुकीचे सतरा आकडे दाबून आपलं खातं बंद पाडलं.

"हे झालं प्रात्यक्षिक," काका म्हणाले. "माझं खातं मलाच उघडता येत नाही. यापेक्षा जास्त सुरक्षित काय असणार?" लोकांनी टाळ्या वाजवल्या. विमा एजंट बाईंनी तेवढ्या वाजवल्या नाहीत.

खातं दोघांच्या नावावर होतं, आणि तीन चुकांनंतर बँकेने ते कार्डांसकट गोठवलं होतं. संध्याकाळी काकूंचं कार्ड वाण्याच्या दुकानात चाललं नाही. रांगेत त्यांच्या मागे चार माणसं उभी होती, आणि पिशवीत भरलेलं सामान त्यांना एकेक करून परत फळीवर ठेवावं लागलं. घरी येऊन त्यांनी रिकामी पिशवी काकांच्या मांडीवर ठेवली. काकांना ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं. बँकेत फोन केला तर कळलं की दोन्ही खातेदारांनी ओळखपत्रं घेऊन स्वतः यायला हवं. त्या दिवशी तारीख होती सात. मधे रविवार. उरली नऊ.

बँकेत काकांना आधी एक टोकन मिळालं, मग एक अर्ज मिळाला, मग तो अर्ज जुना आहे असं सांगून नवा मिळाला. नव्या अर्जावर सहीसाठी छोटी चौकट होती. काकांची सही चौकटीच्या बाहेरून सुरू झाली आणि खालच्या ओळीवर जाऊन संपली. खिडकीमागच्या तरुण अधिकारी बाईंनी ती जुन्या सहीशेजारी धरून पाहिली.

"काका, सही जुळत नाही."

"मी निवृत्त निरीक्षक आहे," काका म्हणाले. "माझ्या सहीने दुकानं बंद पडायची."

"हो, पण ही ती सही नाही ना." बाईंचा आवाज मऊ होता, त्यामुळे काकांना रागावताही येईना. "हरकत नाही. दुसरा मार्ग आहे. ओळख पटवण्यासाठी मी एक प्रश्न विचारते. मागच्या महिन्यात या खात्यातून हजाराच्या वरचे तीन व्यवहार झाले आहेत. ते तीन सांगा, लगेच खातं सुरू करते."

शेजारच्या खुर्चीवर काकू मांडीवर पिशवी घेऊन बसल्या होत्या. काकांनी घसा साफ केला.

"एक विम्याचा हप्ता. तेवीसशे पन्नास."

"बरोबर. दुसरा?"

काकांनी खिडकीकडे पाहिलं, छताकडे पाहिलं, मागच्या रांगेकडे पाहिलं. "हा प्रश्न सुरक्षिततेच्या दृष्टीने अयोग्य आहे," ते म्हणाले. "मागे लोक उभे आहेत."

"हळू सांगा. मला ऐकू येईल."

"आठवत नाही."

"मग अर्ज मुख्य कार्यालयात जाईल. सात दिवस लागतील."

सात दिवस म्हणजे सोळा तारीख. परवा अकरा. घरात रोख होती ती सगळी मिळून हजारभर, दवाखान्याचे चार हजार दोनशे. कोणाकडे उसने मागायचे तर कशासाठी ते सांगावं लागणार. डॉक्टरांचं वाक्य काकांना शब्दन् शब्द आठवत होतं. गेलेली नजर परत येत नाही. दुसऱ्या बाजूला लेकीचं विमान होतं. काकांनी आयुष्यभर दोन्ही पारडी समोर धरून निकाल दिले होते. हाही त्यांनी दिला.

"चालेल," ते म्हणाले. "सात दिवस चालतील."

"चालणार नाहीत," काकू म्हणाल्या.

त्यांनी पिशवी काउंटरवर ठेवली आणि अधिकारी बाईंकडे बघून, भाजीचा भाव सांगावा तशा सुरात सांगितलं, "दुसरा, अकरा तारखेला, डोळ्यांचा दवाखाना. चार हजार दोनशे."

काकांनी मान गर्रकन काकूंकडे वळवली.

"बरोबर," अधिकारी बाई म्हणाल्या. "तिसरा?"

"तिसरा माझा. मोटार ड्रायव्हिंग स्कूलचा हप्ता. अठराशे."

"तिन्ही बरोबर. काकूंची सही चालेल. इथे करा."

काकूंनी सही केली. ती चौकटीत नीट बसली.

बँकेबाहेर एक लांब बाक होता. काका त्याच्यावर जाऊन बसले. काकू शेजारी बसल्या.

"कधीपासून माहीत आहे?" काकांनी विचारलं.

"पहिल्या महिन्यापासून. पासबुक छापून कोण आणतं आपल्या घरात? त्या यंत्रापुढे मीच उभी असते ना दर महिन्याला. सगळं छापून येतं त्याच्यात. ॲप कशाला लागतंय."

इतका मोठा धोका काकांच्या अठरांत नव्हता.

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही इतका जीव ओतून सभेची हकिकत सांगायचात," काकू म्हणाल्या. "मागच्या महिन्यात तर दोन ठराव सांगितलेत. एकाला अनुमोदन कोणी दिलं तेही सांगितलंत. मला वाटलं, या माणसाला सांगायचं नाहीये तर नको सांगू दे. सांगेल तेव्हा ऐकू." मग त्या म्हणाल्या, "पण राग आला होता. खोटं नाही बोलत. तुमच्या डोळ्याचं मला एका छापील ओळीतून कळावं, याचा फार राग आला होता."

"लेकीचा पूल गेला असता," काका पुटपुटले.

"मी काय लगेच तिला फोन लावणार होते? माझ्यामुळे एकदा गेलाच की तिचा. मला वाटत नाही का त्याचं काही?"

काकांनी हे कधी मनातच आणलं नव्हतं. तीन वर्षं या बाईने तो घोटा मनात वागवला आणि आपल्याला पत्ता नाही, याची त्यांना लाज वाटली. त्यांनी तसं बोलून दाखवलं. "चुकलंच माझं," ते म्हणाले. छत्तीस वर्षांत हे वाक्य काकूंनी बहुधा पहिल्यांदाच ऐकलं असावं, पण त्यांनी त्याचं भांडवल केलं नाही.

"आणि ड्रायव्हिंग स्कूल?"

"दुसऱ्या महिन्यात मी तुमच्या मागून गेले होते. दवाखान्यातून बाहेर पडलात आणि रस्त्याच्या कडेला उभे राहिलात. दहा मिनिटं. गाडी लांब आहे की जवळ, ते तुम्हाला समजत नव्हतं. शेवटी शाळकरी मुलींच्या एका घोळक्यामागून पलीकडे गेलात." काकू समोर बघत बोलत होत्या. "मी धावत येणार होते. पण मग सगळंच उघडं पडलं असतं. त्याच दिवशी परत येताना नाव घातलं."

"आपल्याकडे गाडी नाही."

"शाळेची आहे ना. शिकवणीचा एक तास कुठेही न्या म्हणतात. परवाचा साडेनऊचा तास घेतलाय मी. दवाखान्यापर्यंत बरोब्बर पुरतो."

त्या दुपारी जेवणाच्या टेबलावर काकांनी फोन समोर घेतला. नोंदवही काकूंनी धरली आणि सतरा आकडे खणखणीत आवाजात वाचून दाखवले, खिडक्या उघड्या असताना. समितीचे दोन नियम एका दमात मोडले. खातं उघडलं, चक्र दिसलं. औषधपाणी लाल होतं. काकूंची मोटार ॲपने करमणुकीत धरली होती, त्यावर काकूंनी हरकत घेतली, पण ती कशी बदलायची ते दोघांनाही जमलं नाही. मग काकांनी 'कुटुंबाला दाखवा' हे बटण दाबलं आणि फोन टेबलावर पालथा ठेवला.

तो सहा मिनिटांत वाजला.

"बाबा," लेक म्हणाली. ती रडतेय हे काकांना कळलं. त्यांनी फोन काकूंकडे सरकवला, काकूंनी परत त्यांच्याकडे सरकवला.

"हे बघ," काका म्हणाले, "डोळा माझा आहे. पूल तुझा आहे. दोन्ही एका चक्रात घालायचे नाहीत. तू जाणार नसशील तर मी परवा दवाखान्यात जाणार नाही. निरीक्षक म्हणून सांगतोय."

मग लेक म्हणाली, "किती वाजता असतं?"

"साडेदहा."

"मी दर अकरा तारखेला साडेदहाला फोन करीन. तिथून. तिथे काय वाजले असतील ते वाजोत."

"त्या वेळी मला बोलता येणार नाही. डोळ्यात सुई असते."

"तुम्ही नका बोलू. मी बोलीन. पुलाचं सांगीन. आई कानाला फोन धरेल."

काकांनी बरं म्हटलं. ते उठून गॅलरीत गेले. काकू मागून गेल्या नाहीत.

अकरा तारखेला सव्वानऊला शाळेची छोटी पांढरी गाडी दाराशी आली. शिकवणारे मास्तर अबोल होते. त्यांच्या पायाशी वेगळा ब्रेक होता, आणि त्यांचा पाय त्यावरून हलत नव्हता. काकू स्टिअरिंगमागे बसल्या. काका मागे बसले. गॅलऱ्यांतून निम्मी इमारत बघत होती. गाडी दोनदा बंद पडली. तिसऱ्यांदा निघाली ती एका धक्क्यानेच, आणि पोस्टमास्तरांनी वरून हात केला.

काका काही बोलायचं नाही असं ठरवून बसले होते, आणि पहिल्या वळणापर्यंत त्यांनी ते पाळलं. मग त्यांनी वेग, अंतर आणि हॉर्न या तीन बाबतींत सूचना केल्या. काकूंनी ऐकून घेतल्या. मास्तरांनी आरशातून काकांकडे एकदा पाहिलं, ती सहानुभूती कोणासाठी होती ते कळलं नाही.

दवाखान्याअलीकडचा चौक मोठा होता. सिग्नल बंद पडलेला. उजवीकडून येणाऱ्या गाड्या थांबल्या होत्या. डावीकडच्या कोपऱ्याला एक मालट्रक उभा होता, त्याच्याआड रस्ता काकूंना दिसेना. त्यांनी गाडी थांबवली. मास्तरांनी मान पुढे काढली. पण काकूंनी त्यांना विचारलं नाही.

"अहो," त्या म्हणाल्या, "डावीकडून कोणी येतंय का बघा."

काकांनी सीटवर सरकून काच खाली केली, अख्खं शरीर वळवलं, मान जाईल तेवढी बाहेर काढली आणि उजवा डोळा त्या रस्त्यावर रोखला. मागे कोणीतरी हॉर्न वाजवत होतं. काकांनी घाई केली नाही. ट्रकच्या पुढचा रस्ता, त्याच्या पुढचा कोपरा, सगळं नीट पाहिलं.

"कोणी नाही," ते म्हणाले. "चल."

काकूंनी डावीकडे पाहिलं नाही. त्यांनी गाडी पुढे काढली.